भांड्यांचा चार्ज

दुकानात तिला सगळे डेमोताई म्हणत. पगाराच्या चिठ्ठीवर तिचा हुद्दा वेगळा होता, लांबलचक, पण तो पूर्ण उच्चारायला मॅनेजरलाही वेळ नसे. घरगुती यंत्रांचं ते मोठं दुकान. तिथून कुणी वॉशिंग मशीन, ओव्हन किंवा भांडी धुण्याचं मशीन नेलं, की मागाहून डेमोताई त्या घरी जायची आणि ते कसं चालवायचं ते शिकवायची.

इतकी वर्षं इतक्या स्वयंपाकघरांत उभं राहिल्यावर माणूस आपोआप थोडा शहाणा होतो. मशीन विकत घेणारा एक असतो आणि चालवणारा दुसराच, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. विकत घेणारा सोफ्यावरून ओरडतो, "हिला जरा नीट समजावून सांगा हं!" आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालतो. माहितीपुस्तिका कुणीच वाचत नाही. ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जाते आणि तिथे मात्र चोख काम करते. शिवाय नवं मशीन घरात आलं की जुनं भांडण बाहेर येतं. एका घरात नवरा-बायकोनं अबोला धरला होता आणि दोघंही तिच्यामार्फत बोलत होती.

"यांना सांगा, खरकटं आधी काढायचं असतं."

"तिला सांगा, मला ऐकू येतं."

डेमोताईनं दोघांनाही सांगितलं, साबणाची वडी कुठे ठेवायची ते दाखवलं, सही घेतली आणि निघाली. कुणाची बाजू घ्यायची नाही, हा तिचा नियमच होता.

तिचा नवरा खोक्यांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता. फ्रिज, टीव्ही, मिक्सर ज्यात बसून घरोघरी जातात ती पुठ्ठ्याची खोकी तिथे बनत. "तू मशीन शिकवतेस, मी त्यांचे कपडे शिवतो," असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे पहिल्या वेळी हसायचे. अर्थव्यवस्थेबद्दल त्याचं स्वतःचं मत होतं आणि ते खोक्यांवर उभं होतं. माल बनवायच्या आधी कंपनी खोकी मागवते. खोक्यांची मागणी घटली की समजावं, पुढे काय वाढून ठेवलंय ते. त्या वर्षी आधी फ्रिजची मोठी खोकी कमी झाली, मग टीव्हीची. टीव्हीवर टाय लावलेले एक तज्ज्ञ मात्र सांगत होते, काळजीचं कारण नाही, पाया भक्कम आहे.

"याला खोकी लागत नसतील," नवरा म्हणाला आणि त्यानं आणखी थोडा भात वाढून घेतला.

मग एका सकाळी तो कामावर गेला आणि त्याच्या कार्डानं फाटक उघडेना. त्यानं कार्ड शर्टाला पुसून पुन्हा लावलं. ज्याच्याबरोबर तो रोज चहा प्यायचा तो वॉचमन केबिनमधून बाहेर आला. त्याच्या हातात एक खोकं होतं. आत नवऱ्याच्या चपला, स्वेटर, चष्म्याचं घर आणि टेबलावरचं घड्याळ होतं. "साहेब म्हणाले, आत सोडू नको," वॉचमन दुसरीकडे बघत म्हणाला. खोकं नवऱ्याच्याच शिफ्टमध्ये बनलेलं होतं. त्यानं सवयीनं आधी कडा तपासल्या. चिकटपट्टी थोडी तिरकी लागली होती.

पहिल्या आठवड्यात त्यानं घरातल्या न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. त्यातल्या काही नंतर बिघडल्या. मग तो मुलाखतींना जाऊ लागला. एका ठिकाणी त्याला सांगितलं, "आमची टीम जरा तरुण आहे." तो म्हणाला, "तरुणांनाही खोकी लागतात." ते हसले, त्यांनी हात मिळवला आणि पुन्हा फोन केला नाही.

शेवटी त्यानं भांडी हातात घेतली.

तोवर भांडी म्हणजे घरातलं अनाथ काम होतं. आज तुझी पाळी, उद्या माझी, असं म्हणत ती आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी एकमेकींवर ढकलायच्या. नवऱ्यानं सिंकचा ताबा घेतला आणि तिथे शिस्त आली. आधी पेले, मग चमचे, मग ताटं, तेलकट भांडी सर्वांत शेवटी. पुसायला दोन फडकी, आणि ती एकमेकांत मिसळायची नाहीत. खरकटी भांडी सिंकच्या डावीकडेच ठेवायची.

"बाबा, उजवीकडे ठेवली तर काय होतं?" मुलीनं विचारलं.

"लाईन थांबते."

"इथे लाईन कुठाय? सिंक आहे हे."

"तेच तर सांगतोय."

सासूबाई हे सगळं खुर्चीत बसून बघायच्या. "जन्मात कधी स्वतःचा पेला उचलला नाही यानं," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. "हे बघायला याचा बाप हवा होता." पण चहाचा कप त्यांना आता लख्ख मिळत होता, त्यामुळे त्यांनी विषय तिथेच सोडला.

डेमोताईला दिसत होते ते त्याचे हात. साबणानं बोटांची सालं निघाली होती. शर्टाची बटणं लावताना तो ओठ आवळायचा आणि तिनं बघितलं की घसा खाकरल्यासारखं करायचा. तिनं मलम आणून दिलं. त्यानं ते फळीवर ठेवून दिलं; मलम लावलं की पेला हातातून निसटतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

त्याच सुमारास दुकानातही माशा मारायची वेळ आली होती. भांड्यांची मशीनं तर कुणी बघायलाही थांबेना. मॅनेजरनं नोकरवर्गाला सांगितलं, मांडणीतलं, गिऱ्हाइकांना दाखवायचं एक मशीन आहे, दारावर ओरखडा आहे, पण चालतं झकास. कुणाला हवं असेल तर पगारातून थोडं थोडं कापून घेऊ. डेमोताईच्या डोळ्यांपुढे ती बोटं आली. तिनं हात वर केला. घरी कुणाला काही बोलली नाही. आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. दोघा फिटरनी मशीन आणून सिंकशेजारी बसवलं, नळ्या जोडल्या, चहा घेतला आणि गेले. नवरा मशीनभोवती एक चक्कर मारून आला.

"खोकं कुठाय याचं?"

"मांडणीतला पीस आहे. खोकं नसतं त्याला."

डेमोताईच्या गळ्यात अजून दुकानाचं ओळखपत्र होतं. तिनं मशीनचं दार उघडलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "नमस्कार, आमच्या दुकानातर्फे आपलं अभिनंदन." मुलगी खो खो हसली. सासूबाईही हसल्या. नवरा हसला नाही.

"काही तक्रार होती का?" त्यानं विचारलं.

"कसली तक्रार?"

"भांड्यांबद्दल. डाग राहत होते?"

"छे हो."

"पेल्यांना वास यायचा?"

"पेले तर आरशासारखे असतात."

"मग?"

कुठल्याही स्वयंपाकघरात, कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार असे. इथे तिनं मशीनचं दार लावलं, पुन्हा उघडलं. "अहो, तुमचे हात बघवत नाहीत," ती कशीबशी म्हणाली.

"हातांना काय झालंय? आहेत की." एवढं बोलून तो वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसला. वर्तमानपत्र कालचं होतं.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. तो पूर्वीसारखाच भांडी घासत राहिला, मशीनच्या शेजारी उभा राहून, मशीनकडे न बघता. सासूबाईंनी मशीनवर आधी औषधांचा डबा ठेवला, मग लोकरीचा गुंडा. मुलगी एकदा म्हणाली, "आई, निदान चालू तरी करून बघू या." डेमोताईनं तिला डोळ्यांनी दटावलं. आपलं काय चुकलं, हे तिला अजून नीट उमगत नव्हतं. बायकोनं नवऱ्याचे कष्ट वाचवावेत आणि त्यानं तोंड पाडून बसावं, हे तिच्या हिशेबात बसेना. मनातल्या मनात ती थोडी रागावलीही होती.

मग एका दुपारी ती डेमोसाठी एका घरी गेली. मुलानं आणि सुनेनं मशीन घेतलं होतं. दोघंही कामावर गेली होती. घरात होत्या आजी. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, बटणं दाबून बघितली, आणि पदराला हात पुसत सरळ विचारलं, "मग मी काय करू?"

हा प्रश्न डेमोताईला नवा नव्हता. कितीतरी घरांत, कितीतरी जणींनी तो विचारला होता आणि तिचं ठरलेलं उत्तर होतं, आता तुम्ही आराम करा. दुकानानं तिला ते शिकवलंच होतं. त्या दुपारी मात्र तिनं हातातली पुस्तिका मिटली. ती तिथेच स्टुलावर बसली.

"तुम्हाला काय करायला आवडेल, आजी?"

आजींनी थोडा विचार केला. "भांडीच," त्या म्हणाल्या. "तेवढाच वेळ कुणी मला हाक मारत नाही."

घरी आल्यावर तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. नवरा सिंकपाशी होता.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

तो ताट विसळत राहिला. मग म्हणाला, "विचारलं तर कारखान्यानंही नव्हतं." ताट फळीत लावून तो पुढे म्हणाला, "एवढी वर्षं मशीनं सांभाळली मी. कुठलं कधी अडतं, कुठल्याला कसं गोंजारायचं, सगळं माहीत होतं. पुढच्या माणसाला सांगायला तरी आत सोडायचं. चार्ज न देता गेलो, याचंच वाटत राहतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो सलग एवढं बोलल्याचं तिला आठवेना.

"परत पाठवू मशीन?"

"मांडणीतला माल परत घेत नाहीत. पुस्तिकेच्या शेवटी लिहिलंय."

"तुम्ही पुस्तिका वाचलीत?"

"दोनदा," तो म्हणाला. "छपाई बरी आहे. राहू दे मशीन. आपलं काय खातंय?"

राहिलं. तिनं दुसरं फडकं घेतलं आणि त्या दिवसापासून वेळ मिळेल तेव्हा ती शेजारी उभी राहून भांडी पुसू लागली. फडकी एकमेकांत मिसळली की तो सांगायचा. ती ऐकून घ्यायची.

पुढे हळूहळू दुकानात गिऱ्हाईक दिसू लागलं. लोकांचे जुने फ्रिज थकले होते, धीरही संपला असावा. एका सकाळी कारखान्याच्या साहेबांचा फोन आला. मोठ्या खोक्यांची मागणी आली होती आणि कापणीचं मशीन नव्या माणसांना जुमानत नव्हतं. काम तेच, खुर्ची तीच, फक्त आता कंत्राटावर. म्हणजे सुट्टी पडली की पगारही सुट्टीवर.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता, हे त्यालाही कळत होतं आणि साहेबांनाही. तरी तो म्हणाला, "सोमवारपासून येईन. त्याआधी जमणार नाही. घरी चार्ज द्यायचाय."

रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. सासूबाईंसाठी खुर्ची आत आणली. मशीनवरचा लोकरीचा गुंडा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग एकेक भांडं हातात घेऊन तो बोलू लागला. हे पातेलं आत घालायचं नाही, याची मूठ ढिली आहे. मुलीच्या कपावरची सोनेरी रेघ गरम पाण्यानं जाईल, तो हातानंच धुवायचा. तिला तो कुणी दिलाय हे मी विचारलेलं नाही. मुलगी लाल झाली. माझ्या आईचा पेला वरच्या कप्प्यात, कोपऱ्यात. तिला कोमट पेल्यातलं पाणी आवडत नाही, म्हणून झाल्यावर दार थोडा वेळ उघडं ठेवायचं. सुऱ्या टोक खाली करून. आणि ही लहान ताटली, तो बायकोकडे बघत म्हणाला, कामावरून उशिरा आल्यावर तू हिच्यातच जेवतेस, तर ही रोज रात्रीआधी धुतलेली पाहिजे.

डेमोताईनं आजवर शेकडो डेमो दिले होते. घेतलेला हा पहिलाच.

"दाब," तो म्हणाला.

तिनं बटण दाबलं. आत पाणी खळखळू लागलं. मुलगी थोड्या वेळानं निघून गेली, सासूबाईंना डुलकी लागली, पण तो मशीन थांबेपर्यंत तिथून हलला नाही. मग त्यानं दार उघडलं, वाफ जाऊ दिली आणि एक पेला खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ फिरवून बघितला.

"चालेल," तो म्हणाला.

कारखान्यात यापेक्षा मोठी शाबासकी त्यानं कुणाला दिली नव्हती.

आता तो कामावर जातो. खोकी चांगली निघतायत असं म्हणतो. पुढच्या महिन्याचं मात्र बोलत नाही. दुपारच्या सुट्टीत तो न चुकता घरी फोन करतो. त्या वेळी घरात फक्त सासूबाई असतात.

"लावलं का मशीन?"

"लावलं," त्या सांगतात.

त्यांनी लावलेलं नसतं. त्या आवाजानं त्यांची दुपारची झोप मोडते. आपलं ताट आणि वाटी त्यांनी केव्हाच हातानं धुऊन, पुसून, जागेवर ठेवून दिलेली असते.