तिसरा हॉर्न

आमच्या नाटक कंपनीची बस चालवणाऱ्याला आम्ही 'तिसरी घंटा' म्हणायचो. निघताना तो तीन हॉर्न मारायचा. तिसऱ्याला बस हलली म्हणजे हलली. मागे राजा राहो की प्रॉम्प्टर. एकदा राजा राहिला. तो मीच. मुकुट आणि चिकटवलेल्या मिशांसकट दुधाच्या टेम्पोतून मी पुढच्या गावी पोहोचलो. माफी कसली, "घंटा ऐकली नाहीस?" एवढंच त्याने विचारलं. असा खडूस माणूस. पण त्याच्या बसमध्ये आम्ही सारे लेकरांसारखे निर्धास्त झोपायचो.

आता त्याच्या डोळ्यांनी दगा दिलाय. लेकीने त्याची जुनी गाडी विकून आपोआप चालणारी आणली. तिचं चाक नुसतं शोभेचं. हा ते फिरवतो, गाडी त्याला जुमानत नाही. "माझं गाठोडं केलंय, इथून उचला, तिथे ठेवा," असं तो दारोदार सांगत फिरतो.

परवा मला घेऊन तो हायवेवरच्या आमच्या जुन्या चहाच्या टपरीकडे निघाला. हायवे समोर आला आणि गाडीने मुकाट तोंड फिरवलं. ऑफिसात बसलेल्या लेकीने फोनवरून तिला घरी बोलावलं होतं. थांबवण्याचं तेवढं बटण याच्याकडे होतं. ते दाबून तो उतरला. पाठोपाठ मी.

लेकीचा आवाज गाडीतून आला. "बाबा, जुनी गाडी चालवताना वळणावरची ती शाळेतली पोरगी तुम्हाला दिसलीच नव्हती. हँडब्रेक मी ओढला."

"जन्मभरात माझ्या हातून कुणाला ओरखडा आला नाही."

"त्या दिवशी आला असता. आता तीन हॉर्न होतील. बसा, नाहीतर राहा. नियम तुमचाच आहे."

रंगमंचावर मी सख्ख्या भावाचा गळा रोज आवळला आहे, पण इतकं विष तिथेही नव्हतं. पहिला हॉर्न झाला. मी दाराकडे सरकलो, तर त्याने डोळे वटारले. दुसरा झाला. तिसऱ्याला दार मिटलं आणि रिकामी गाडी निघून गेली.

तो ताठ मानेने टपरीच्या दिशेने चालू लागला. मी कोपर धरलं, तर हिसडा मारून म्हणाला, "सोड. तुलाही तिने बटण बसवलंय का?"

पुढच्याच पावलाला तो फुटपाथवरून खाली उतरला. उजवीकडून मोटारसायकल येत होती. ती त्याला दिसली नाही. मी कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

त्याने शिवी हासडली, मलाच. पण टपरी येईपर्यंत कॉलर काही सोडवून घेतली नाही.