पाकोळीचं कूळ, सर्वानुमते

आमच्या सोसायटीत पाणी, पार्किंग आणि लिफ्ट सोडून कशावरून भांडण होत नसे. त्या वर्षी झालं. केंद्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याची बातमी आली आणि माणूस माकडापासून झाला की नाही, यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी साडेसहापासून हाणामारी सुरू झाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. त्यामुळे हे भांडण फिरत फिरत माझ्याच दारात येणार, हे उघड होतं.

ते आणलं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. काकांची सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. निवृत्त झाले, पण आवाज अजून फलाटावरचाच आहे. त्यांनी लिहिलं, "माकडापासून माणूस झाला, तर उरलेली माकडं कुठल्या गाडीची वाट बघतायत?" त्याला पटापट अंगठे पडले. मला अस्सा राग आला. मी लिहिलं की माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही, दोघांचे फार जुने पूर्वज एक आहेत. आणि हनुमानाचं जन्मस्थान मानलं जाणारं अंजनेरी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाने वानराशी नातं सांगायला एवढं लाजावं, याचं मला नवल वाटतं.  तिसऱ्या दिवशी काकांनी लिहिलं, "मॅडम, दिसायला सारखं म्हणजे नातं, असं कुठे असतं?"

आता हा प्रश्न फार चांगला होता. एवढा चांगला प्रश्न मला वर्गात सहा-सहा वर्षं कोणी विचारत नाही. मी चहा गार होऊ दिला आणि लांबलचक उत्तर लिहिलं. काका, तुमचं बरोबर आहे, सारखं दिसणं म्हणजे नातं नव्हे. आपल्याच पार्किंगमध्ये बघा. छताला मातीचं सुरईसारखं घरटं आहे ते भिंगरीचं, आणि तुळईच्या कोपऱ्यात पिसं आणि काड्या थुंकीने चिकटवून केलेली घरटी आहेत ती पाकोळ्यांची. दोघींचे पंख लांब, दोघींची चोच बारकी आणि तोंड मोठं, दोघी उडता उडता किडे पकडतात. बघणाऱ्याला सख्ख्या बहिणी वाटाव्यात. पण भिंगरी आहे चिमणी-बुलबुलांच्या गोतातली, आणि पाकोळीची जवळची भावकी म्हणजे अमेरिकेतला फुलांपाशी भिरभिरणारा तो इवलासा हमिंगबर्ड. हवेत किडे पकडायचं एकच काम दोघींच्या पूर्वजांनी लाखो वर्षं केलं, म्हणून रूप एक झालं. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. त्यावर दोघांनी हात जोडले आणि एकाने 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल पाठवलं. कोणी वाचलं नाही असं समजून मी तो विषय सोडून दिला.

मे महिन्यात इमारतीला रंग द्यायचं ठरलं. रंगाचा ठेकेदार सोमवारी परांची बांधणार होता आणि पहिल्याच दिवशी पार्किंगचं छत खरवडून काढणार होता. पाकोळ्यांच्या घरट्यांत तेव्हा पिल्लं होती. खाली उभं राहिलं की त्यांची चिरचिर स्पष्ट ऐकू यायची. अजून महिनाभर तरी ती उडणार नव्हती. घरटी पाडली तर सगळी मरणार होती.

भिंगरीला धोका नव्हता. आदल्या वर्षी कोणीतरी तिचं एक घरटं झाडूने पाडलं, आणि त्याच संध्याकाळी लिफ्ट जी बंद पडली ती अकरा दिवस. सगळ्यांनी हाय खाल्ली. मग सभेने रीतसर ठराव केला की 'भिंगरी या पक्ष्याचे घरटे कोणीही कोणत्याही कारणास्तव पाडू नये.' सूचक, अनुमोदक, सह्या, सगळं झालं. आमच्याकडे देवाची भीती बाळगणारे लोक आहेत, पण त्याहून जास्त भीती इतिवृत्ताच्या वहीची आहे. वहीत पाकोळीचं नाव नव्हतं. तिच्यासाठी नवा ठराव मांडायचा तर आधी नोटीस काढायला हवी होती, आणि सोमवार तर परवावर आला होता.

मी अध्यक्षांना गाठलं. त्यांनी बराच विचार करून तोड काढली. "मॅडम, पाकोळी ही भिंगरीतच मोडत असेल, तर जुना ठराव तिलाही लागू होतो. नवं काही करायलाच नको. खुलाशाला नोटीस लागत नाही, उद्याच सभा बोलावून करून घेऊ. तुम्ही तज्ज्ञ आहात, तुम्ही फक्त सांगा की दोन्ही एकच."

रविवारी सकाळी दहाला सभा भरली, पार्किंगमध्येच, त्या घरट्यांच्या खाली. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या. अध्यक्षांनी वही उघडली आणि वरच्या घरट्यातून पहिला पांढरा थेंब पानावर पडला. त्यांनी तो रुमालाने टिपला आणि म्हणाले, "विषय क्रमांक एक. पाकोळीचं कूळ."

काका उठले. त्यांची पांढरी गाडी नेमकी पाकोळ्यांखाली लागायची आणि रोज सकाळी ठिपक्यांची होऊन जायची. ते घरटी पाडा म्हणणार, हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे की त्यांच्या हातात माझा ग्रुपवरचा लेख असेल, छापून, लाल पेनाने खुणा केलेला.

"अध्यक्ष महाराज," काका म्हणाले, "मॅडमनीच लिहून दिलंय. या दोन पक्ष्यांचं नातं नाही. ही अभिसारी उत्क्रांती आहे."

सोसायटीत तो शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. अंगावर काटा आला. आनंदाने आला की भीतीने, ते कळायला वेळ नव्हता.

"समजून घ्या," काका सांगू लागले. "आपली येवल्याची एसटी आणि चांदवडची खासगी गाडी. चाकं तेवढीच, दार डावीकडे, टप वर. का? रस्ता एक, काम एक, म्हणून रूप एक. पण कारखाना वेगळा, मालक वेगळा! पाकोळी आणि भिंगरीचं तसंच आहे." त्यांनी पिशवीतून फोटो काढले. गॅलरीतून मोबाइलने स्वतः काढलेले. "हा भिंगरीचा. तारेवर बसलीय. पाकोळी तारेवर बसलेली दाखवा मला. तीन आठवडे बघतोय. बसतच नाही! तिच्या पायाची चारही बोटं पुढे. तारेला धरणार कशी? ती भिंतीला लटकते." बोलता बोलता काकांचा चेहरा पार बदलला होता. स्वतःच्या पांढऱ्या गाडीचं नावसुद्धा त्यांच्या तोंडात आलं नाही. इतकं नेटकं उदाहरण मला सव्वीस वर्षांत सुचलेलं नव्हतं. टाळ्या वाजवाव्यात असं फार वाटलं.

मग मी उठले आणि म्हणाले, "हे सगळं खोटं आहे."

काकांनी हातातला कागद पुन्हा एकदा बघितला.

"दिसायला सारखं म्हणजे नातं आहेच," मी म्हणाले. "डोळ्यांना दिसतं ते का नाकारायचं? लाखो वर्षांपूर्वी काय झालं ते बघायला कोण गेलं होतं?" हे काकांचंच एक जुनं वाक्य होतं. ग्रुपवर त्यांनी ते टाकलं होतं तेव्हा मी त्यांना अडाणी म्हणायची तेवढी राहिले होते.

"मग तुमचा लेख?" काकांनी कागद हलवला.

"लेखात चूक झाली. पुस्तकं बदलत असतात, काका."

तळमजल्यावर निफाडहून लेकाकडे राहायला आलेल्या एक आजी होत्या. इतका वेळ त्या मान वर करून छताकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दोघी बी आभाळातच राहत्या, दोघी बी चिलटं खात्या. मंग येगळं काय हे त्यात? एकच हे ते." सभेने माना डोलावल्या. आजींनी अभिसारी उत्क्रांतीचं कारण अचूक सांगितलं होतं आणि त्यातून बरोबर उलटा निष्कर्ष काढला होता. मी म्हणाले, "आजी म्हणतात तेच शास्त्र आहे."

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. काका सोडून सगळ्यांनी केले. वहीत लिहिलं गेलं, 'पाकोळी ही भिंगरीच असून दोन्ही पक्षी एकाच कुळातील आहेत, असे सभा सर्वानुमते ठरवीत आहे.' काकांचा विरोध लिहून घ्या म्हणून मी म्हणाले, पण एका हातासाठी पान खराब होईल, असं अध्यक्षांचं मत पडलं. सूचक म्हणून सही माझी. शिक्षण या रकान्यात मी एम.एस्सी. असं लिहिलं. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

संध्याकाळी काका घरी आले. बसले नाहीत. फोटो हातातच होते.

"मॅडम, गाडीचं सोडा, कव्हर घेतलंय मी. मला फक्त खरं सांगा. मला वाटलं होतं, मला समजलंय. आयुष्यात पहिल्यांदा शास्त्रातलं काही समजलं असं वाटलं होतं. मी बरोबर होतो ना?"

काका साधे आहेत. पोटात काही राहत नाही त्यांच्या. मी 'हो' म्हणाले असते, तर ते आनंदाच्या भरात तसेच अध्यक्षांकडे गेले असते, आणि सकाळी आठला ठेकेदार येणारच होता. सगळे मला म्हणतात की मी रागीट आहे, पण त्या वेळी मला रडू येत होतं.

"नाही काका," मी म्हणाले. "तुमची समजण्यात चूक झाली."

त्यांनी फोटो पिशवीत घातले. "असेल. दहावीला दोनदा बसलोय मी," असं म्हणून ते जिना चढायच्या ऐवजी चुकून उतरायला लागले, मग लक्षात आलं की वर जायचं आहे.

पिल्लं जूनच्या शेवटी उडाली. एकेक करून सगळी गेली, मी रोज खाली जाऊन मोजत होते. शेवटचं घरटं रिकामं झालं त्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. काकांनी दार उघडलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की तुम्ही बरोबर होतात, अक्षर न् अक्षर बरोबर, आणि खोटं मी बोलले, पिल्लांसाठी बोलले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग फार मायेने हसले.

"या, आत या," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं मन राखायला एवढं खोटं बोलायला आलात, तुमचं मन मोठं आहे हो. पण राहू द्या आता. मी ते फोटो फाडून टाकलेत. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने भर सभेत सांगितल्यावर संपलं ना."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, पायांच्या बोटांपासून. काका मान डोलवत होते, आजारी माणसाचं ऐकून घेतात तसे. मध्येच उठून त्यांनी आत चहा ठेवायला सांगितला.