पप्पांची वाघाटी

पप्पा ज्या सरकारी कारखान्यात क्रेन चालवायचे तिथे कॅमेरा न्यायला सक्त मनाई होती. गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवावा लागे. पुढे कॅमेऱ्याचे मोबाइल आले, तेव्हा तेही गेटवर ठेवूनच आत जायची पद्धत सुरू झाली. आणि अख्ख्या अंबरनाथात कुणाला कधी न दिसलेली वाघाटी पप्पांना दिसायची ती नेमकी आतच.

वाघाटी म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान असं रानमांजर. अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढरे पट्टे. कारखान्याची जागा अफाट होती. एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत करवंदाच्या जाळ्या, सागाची झाडं आणि कंबरभर गवत. कुंपणाच्या आत परकं माणूस फिरकत नसल्यामुळे तिथे जनावरांचं बरं चाललं होतं. पहिल्या पाळीला सायकलवरून जाताना, अजून पुरतं उजाडलेलं नसताना, ती पप्पांना रस्ता ओलांडताना दिसली. नाव तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे पेपरच्या रविवारच्या पुरवणीत तिचं चित्र आलं आणि ते चित्र हातात घेऊन पप्पा स्वयंपाकघरात धावत आले. आई म्हणाली, "मांजराची भाटी दिसली असेल एखादी." पप्पा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

शेडमध्येही तेच. "काय मिस्त्री, आज वाघीण भेटली का?" असं रोज कुणीतरी विचारायचं. कँटीनमागच्या मांजरीला पिल्लं झाली तेव्हा त्यांच्या दोस्तांनी पेढे वाटले, "तुमची वाघाटी बाळंत झाली हो!" पप्पा हसण्यावारी नेत. पण घरी आले की मला म्हणत, "बाय, एकदा हिचा फोटो काढणार मी. मग बघू कोण हसतं."

कॅमेरा त्यांनी उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडून जुना घेतला होता. रोल घालायचा, जड, आणि त्याला कोपरभर लांबीची लेन्स. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून पप्पा तो स्टीलच्या डब्यात, भाजून कोरड्या केलेल्या तांदळाच्या पुरचुंड्यांसोबत ठेवत. आई म्हणायची, "चांगला तांदूळ त्या भोंग्याला आणि कणी आम्हाला." रविवारी पप्पा चिखलोलीच्या धरणावर जाऊन बगळे, खंड्या, ढोकरी असं काय काय टिपत. एक रोल महिना-महिना पुरवायचे. मला त्या काटकसरीचा राग यायचा. पक्षी समोर नाचतोय आणि हे आपले थांबलेत, तो मान वळवेल म्हणून.

ते निवृत्त झाले आणि कारखान्याचं गेट त्यांना बंद झालं. माझ्या मते त्यांना नोकरी सुटल्याचं दुःख नव्हतं, वाघाटी आत राहिल्याचं होतं. पण धरणामागच्या टेकडीवर गुरं चारणाऱ्या एकानं त्यांना सांगितलं, की असलं ठिपक्यांचं मांजर तिथल्या दगडांतही कधीमधी दिसतं. पप्पांनी टेकडीवर बसायला सुरुवात केली.

त्याच वर्षी ते दाराच्या चौकटीला धडकू लागले. जेवताना डाव्या हाताचा पेला कलंडायचा. मी बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते, तिथल्या ओळखीनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका यंत्रात डोकं घालून, दिवा दिसला की बटण दाबायचं अशी ती तपासणी होती. किती वेळ गेला तरी पप्पा बटण दाबेनात. मला वाटलं त्यांना समजलंच नाही काय करायचं. त्यांना समजलं होतं. दिवे लागत होते, ते दिसत नव्हते.

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. थेंब चालू झाले. पप्पांना बाजूचं काही दिसत नव्हतं, समोरचं तेवढं उरलं होतं. कागदाची पुंगळी डोळ्याला लावल्यासारखं, असं ते सांगायचे. ती पुंगळी बारीक होत जाणार होती आणि शेवटी मिटणार होती, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी घरी कुणाला बोलले नाही. पण पप्पांनी ओळखलं असावं, कारण त्या रात्री ते म्हणाले, "डोळे जायच्या आत एकदा तिचा फोटो निघाला पाहिजे. बाकी काही नाही." असं मागून त्यांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

मला वाटलं, तो जड कॅमेरा हेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. दोन हजार सात-आठचं साल असेल. मी उल्हासनगरला त्याच दुकानात गेले. आता तिथे कॅमेरे मागच्या फळीवर गेले होते आणि पुढे काचेखाली मोबाइल मांडले होते. दुकानदार म्हणाला, "दीदी, अब कैमरा कौन लेता है? ये लो, दो मेगापिक्सल, झूम भी है. शेर का फोटो निकालो, ऊपर से गाना सुनो." मी घेतला. घरी आणून पप्पांच्या हातात दिला, तर त्यांनी तो उचलून थेट डोळ्याला लावला.

"पप्पा, लांब धरायचा तो. काचेत बघायचं."

त्यांनी हात लांब केला. काच त्यांना सापडेना. सापडली तर तिच्यातलं काय कुठे आहे ते सापडेना. मग मोबाइल माझ्याकडे परत देऊन ते म्हणाले, "ह्या डबड्यात सगळं जग दिसतं आणि काहीच दिसत नाही. तो कॅमेरा बरा. त्याला डोळा लावला की कुणालाच बाजूचं दिसत नाही. तिथे मी आणि तू सारखेच."

ते खरं होतं. लेन्समधून एखादी गोष्ट पकडली की पप्पांना ती माझ्याइतकीच लख्ख दिसायची. ती पकडणंच जमत नव्हतं. कुठे बघायचं ते दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्यावर त्यांनीच तोड काढली.

क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये असतो. भार कुठे टेकतोय ते त्याला नीट दिसत नाही. खाली खलाशी उभा राहून इशारे करतो. हबेस म्हणजे वर घे, आरिया म्हणजे खाली सोड. पप्पांनी मला खलाशी केलं. मी त्यांच्या मागे बसायचं, खांद्यावर हात ठेवायचा. डावा खांदा दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे, आणि वर-खाली तोंडानं. शिवाय शेडचा एक कायदा त्यांनी मला सांगितला. इशारा एकाच माणसाचा पाळायचा, दुसऱ्या कुणाचा नाही. पण 'थांब' कुणीही म्हटलं तरी थांबायचं. झाडूवाल्यानं म्हटलं तरी, वाटेनं जाणाऱ्यानं म्हटलं तरी. भाराखाली कुणाचा पाय असेल ते वरून दिसत नसतं.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही टेकडीवर काढले. मी अधीर स्वभावाची, मला तासन् तास बसवत नाही. पहिल्यांदा मी चिडचिड करायचे, डास मारायचे, डब्यातली चपाती-भाजी लवकर काढायचे. पप्पा मात्र पाळीवर असल्यासारखे बसत. हळूहळू मलाही दिसायला लागलं. कुठला दगड, कुठलं सुकलेलं पान आणि कुठला सरडा. आम्ही सरड्यांवर सराव केला. खांदा दाबायचा, आरिया, आरिया, बस. लेन्स बरोबर सरड्यावर. पप्पा खूश होऊन म्हणायचे, "पक्की खलाशी झालीस." बटण मात्र दाबायचे नाहीत. रोल तिच्यासाठी राखून ठेवला होता.

थंडीचे दिवस होते. गवत वाळून पिवळं पडलं होतं. ऊन उतरलं होतं आणि समोरच्या उतारावरच्या एका चपट्या दगडावर तेवढं शेवटचं पडलेलं होतं. मी त्या दगडाकडे सहज पाहिलं आणि त्याच्या कडेला काहीतरी हललं. आधी शेपूट, मग पाठ. मी पप्पांचा उजवा खांदा दाबला. अजून दाबला. "आरिया," मी पुटपुटले, "आरिया... जरा हबेस... बस."

माझ्या हाताखाली त्यांचा खांदा ताठ झाला. "आली," ते म्हणाले. इतकं हळू, की मला ते ऐकू आलं यापेक्षा हाताला कळलं असं म्हणायला हवं.

मी दुसऱ्या हातानं मोबाइल काढला. एक असावा म्हणून, न जाणो रोलचं काही चुकलं तर. लांब धरला. काचेत पिवळं गवत, करडा दगड आणि दगडावर तांबडा ठिपका. मी झूमचं बटण शोधत होते. तेवढ्यात खाली, धरणाच्या बाजूनं, एका माणसाची हाक आली, "ए, थांऽब!" कुणीतरी आपल्या म्हशीला म्हणत होतं.

पप्पांचं बोट बटणावरून उचललं गेलं.

मी माझं दाबलं. मोबाइल मोठ्यानं खटॅक असं वाजला. तो आवाज बंद करायची सोयच नव्हती. मी काचेवरून मान वर केली तेव्हा दगड रिकामा होता.

"पप्पा, का नाही दाबलंत?"

"थांब म्हणाला ना तो."

"तो म्हशीला म्हणाला, पप्पा!"

"असेल," ते म्हणाले. कॅमेरा अजून डोळ्यालाच होता.

मी तिथेच ढसाढसा रडले. इतके रविवार, इतकं बसणं, आणि एका म्हशीपायी सगळं गेलं. पप्पांवर ओरडले, त्या माणसाला शिव्या घातल्या, कारखान्याला घातल्या. इतकी वर्षं वर बसवून त्या शेडनं माझ्या बापाचं बोटसुद्धा स्वतःचं ठेवलं नव्हतं. पप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "चल, आई वाट बघत असेल," आणि माझा हात धरून खाली उतरले. आता उतरताना हात लागायचा.

माझ्या मोबाइलमध्ये जे आलं होतं ते घेऊन मी उल्हासनगरच्या स्टुडिओत गेले. मोठा करून मागितला. कागदावर नुसते तांबूस-करडे चौकोन उमटले. "दीदी, इसमें तो कुछ है ही नहीं," स्टुडिओवाला म्हणाला. आई म्हणाली, "हा दगड ना?" पप्पांचे जुने दोस्त घरी आले तेव्हा मी तोच कागद दाखवला. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. एकमेकांकडे बघून म्हणाले, "दिसतेय की! अगदी स्पष्ट." त्यांनी पप्पांचे डोळे पाहिले होते. इतकी वर्षं ज्यांनी चेष्टा केली त्यांनी आता खोटं बोलून मान दिला, हे मला चेष्टेपेक्षा लागलं.

टेकडीवर आम्ही पुन्हा गेलो. ती पुन्हा आली नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पप्पांना लेन्समधूनही नीट दिसेनासं झालं.

एक दिवस ते गॅलरीत बसून, बोटांनी चाचपत, कॅमेरा पुसत होते. माझ्या मनातून ते जात नव्हतं. मी परत म्हणाले, "त्या दिवशी दाबलं असतं तर आज फोटो असता."

त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "डोळा लाव. गुलमोहर दिसतोय समोर? आता दाब, आणि दाबताना काय दिसतं ते सांग."

मी दाबलं. क्षणभर काळोख झाला आणि मग गुलमोहर परत आला.

"आतला आरसा वर जातो," पप्पा म्हणाले. "ज्या घडीचा फोटो निघतो ती घडी काढणाऱ्याला दिसत नाही. तो माणूस ओरडला तेव्हा तिनं मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. दाबलं असतं तर तेवढंच हुकलं असतं. फोटो निघाला असता गं. पण तो मला कोण दाखवणार होतं?"

मी त्यांच्या बाजूला बसून राहिले. खाली मुलांचा क्रिकेटचा गोंगाट चालला होता.

आता पप्पांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मोबाइलचे कॅमेरे पुष्कळ सुधारले, माझ्या हातातही चांगला आहे. कुणीकुणी विचारतं, तू होतीस ना तिथे, कशी असते वाघाटी? मी उत्साहानं सांगायला लागते आणि अडते. दोन्ही डोळे धड असून मी त्या वेळी तळहाताएवढ्या काचेकडे बघत होते. मग मी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारते, "पप्पा, कान कसे होते हो तिचे?"

"आखूड, गोल," पप्पा आतून सांगतात. "डावा टोकाला जरासा फाटलेला."