सोमाजीचं रॉकेट

देशाची रॉकेटं मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हातून सुटतात. वडशाच्या एका नाटक मंडळीचं रॉकेट मात्र वर्षानुवर्षं सोमाजीच्या दंडातून सुटत होतं.

डांबराची दोन पिंपं जोडून, वर पत्र्याचं टोपरं ठोकून त्यानेच ते बनवलं होतं. तिसऱ्या अंकात नायक त्यात बसून चंद्रावर निघायचा आणि पडद्यामागे सोमाजी कप्पीवरचा दोर ओढायचा. दोर एकदा तुटला होता, म्हणून मधोमध गाठ होती. ती कप्पीत अडकली की चंद्रयात्रा अर्ध्यावर थांबायची. नायकाच्या आईचं काम करणाऱ्या वच्छलाबाई तेवढ्यात निरोपाचं गाणं रडून घ्यायच्या. गाणं संपलं की प्रेक्षक एका सुरात ओरडायचे, "ओढ गा, सोमाजी!" त्या आरोळीवर तो जगायचा. घरी त्याला कोणी चहालाही हाक मारत नसे.

यंदा मालक गुणवंतरावांच्या जावयाने, नागपूरला शिकून आलेल्या निकेशने, रॉकेटचं आधुनिकीकरण काढलं. मोटर आली, रंगीत दिवे आले, धुराचं यंत्र आलं. उलटी मोजणी थेट इंग्रजीत.

"सोमाजीभाऊ, तुमी आता आराम करा," निकेश म्हणाला. दुसऱ्याला आराम देण्यात शिकलेल्यांचा हात कोणी धरत नाही.

"मले काऊन आराम? मी काय बिमार पडलो?" सोमाजीने विचारलं. निकेश तोवर मोटरच्या वायरी जोडायला वळला होता.

पोंभुर्ण्याच्या पहिल्याच प्रयोगात रॉकेट डोळ्याचं पातं लवायच्या आत वर गेलं. वच्छलाबाईंनी गायला तोंड उघडलं, तर निरोप घ्यायला लेकच उरला नव्हता. "अडकलंच नाई," म्हणत लोक हिरमुसून उठले. मंडळीची अशी फजिती झाली आणि सोमाजीला कित्येक दिवसांनी गोड झोप लागली.

मालकाचं बोलावणं आलं तेव्हा त्याने धुतलेला सदरा चढवला. अंगणात कप्पी टांगून रॉकेटला जुना दोर लावून ठेवला होता.

"सोमाजी, एकडाव ओढून दाखव," गुणवंतराव म्हणाले.

त्याने जीव लावून ओढलं. गाठ अडकली, रॉकेट डुललं, मग झटका खाऊन वर गेलं. निकेश मोबाईलवर सगळं टिपत होता.

"झालं. आता मोटर बी अशीच अडकवतो," तो सासऱ्याला म्हणाला.

सोमाजीची खोड मंडळीला हवी होती, सोमाजी नको होता. त्याला चहा मात्र मिळाला, साखर जास्त घालून.

पुढे त्याच्याच गावच्या मंडईच्या जत्रेला नाटक आलं. जायचं नाही असं ठरवून सोमाजी तिकीट काढून बसला. धूर सुटला, दिवे लागले आणि मोटर नेमकी अर्ध्यावर अडकली. वच्छलाबाई रडून गायल्या. गाणं संपलं तशी सगळी गर्दी ओरडली, "ओढ गा, सोमाजी!"

सोमाजीचे हात आपसूक दोरासाठी वर गेले. शेजारचा बघायला लागला, तसे त्याने ते खाली घेतले आणि घसा ताणून तोही ओरडला, "ओढ गा, सोमाजी!"

मोटरने ओढलं.