मथुराक्काची नाडी

बंगलोरच्या येलहंक्यात मथुराक्का म्हटलं की लोकांना आधी तिची ज्वारीची भाकरी आठवायची आणि मग तिचं वजन. निपाणीहून लग्न होऊन आलेली ही बाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून डबे करून तिने संसार ओढला. स्वतःच्या अंगाकडे बघायला तिला सवड कुठली! पण शहाण्णव साली तिच्या धाकट्या भावाच्या, गुंडोच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तिनेच त्याला गावाहून आणून चिकपेटच्या साडीदुकानात चिकटवला होता. दिवसभर गठ्ठे उचलणारा तो माणूस आता दवाखान्यात रक्त धुऊन घ्यायला जाऊ लागला. किडनी द्यायला घरात रक्त जुळलं ते एकट्या मथुराक्काचं. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि सांगून टाकलं, "अक्का, एवढ्या वजनावर मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. आधी उतरवा."

झालं! मथुराक्काने पदर खोचला. भात बंद, साखर बंद, आणि पहाटे शाळेच्या मैदानावर पळणं सुरू. चार दिवसांत चक्कर येऊन गोलपोस्टला धरून बसली. डॉक्टरीणबाई रागावल्या. "सवय नसताना पळाल तर आडव्या व्हाल. भरभर चाला, पण चालताना बोलता आलं पाहिजे. नाडी मी सांगते तेवढ्यातच ठेवा. स्वल्प धीर धरा, वजन उतरेल."

आता धापा टाकत स्वतःची नाडी मोजणार कशी? म्हणून गुंडो मैदानाच्या बाकावर येऊन बसू लागला. तिची एक फेरी झाली की तो तिचं मनगट धरायचा, घड्याळाकडे बघत ओठ हलवायचा आणि हुकूम सोडायचा. "अक्का, जास्त झाली. दमानं घे." नाहीतर, "अगं, वरातीत चाललीस काय? वाढव जरा."

ती चिडायची. "गाढवा, तुझ्यासाठीच झिजतेय आणि तूच मला हाकतोस!" पण मनातून तिला फार बरं वाटायचं. लहानपणानंतर भावाशी इतकं निवांत बोलणं झालंच नव्हतं.

ब्लाउज सैल झाले, गळ्याखालची वळी गेली. ऑपरेशनचं बोलणं निघालं. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी गुंडोचे हलणारे ओठ मध्येच थांबले. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा थांबला.

"काय रे?"

"मध्येच ठोका चुकतोय, अक्का."

 छातीतली ती गडबड मथुराक्काला कधीची ठाऊक होती. कुणाला न सांगता तिने गिळून टाकली होती. "कार्डिओग्राममध्ये काही निघालं नाही ना? मग झालं तर," ती हळूच म्हणाली. "तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, गुंडो. तोंड उघडू नकोस. तुझी पोरं लहान आहेत."

 तो तिचं मनगट बराच वेळ धरून बसला.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला त्याने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मग आणखी तपासण्या झाल्या आणि मथुराक्काच्या हृदयाचा एक वॉल्व्ह खराब निघाला. तिची किडनी घेता येणार नाही, हे त्याच दिवशी ठरलं.

बसथांब्यावर ती ओरडलीच. "मी देत होते ना? तुला कुणी विचारलं होतं?"

"मग काय, तुला टेबलावर मारून मी जगू?" तोही तितक्याच जोरात म्हणाला. लोक वळून बघू लागले. घर येईपर्यंत ती रडत होती. इतकं झिजवलेलं अंग ऐनवेळी दगा देऊन बसलं, याचा तिला संताप आला होता.

ती मैदानावर जायची बंद झाली. दोन-तीन दिवसांनी गुंडो दारात येऊन उभा राहिला.

"चल. डॉक्टरीणबाईंनी तुला रोज सावकाश चालायला सांगितलंय."

"आता कुणासाठी?"

"चप्पल घाल, अक्का."

मैदानावर ती अगदी हळू निघाली. गुंडो बाकाशी थांबलाच नाही. या चालीने त्यालाही जमत होतं. वळणावर मात्र त्याला दम लागला आणि तो कुंपणाला टेकून उभा राहिला. सुयांनी काळानिळा पडलेला हात सोडून मथुराक्काने त्याचा दुसरा हात धरला. नाडी बघायला ती कधी शिकलीच नव्हती. मनगटावर बोटं इकडेतिकडे चाचपडत राहिली.

"लागते का गं?"

"लागते की," ती म्हणाली, आणि हात तसाच धरून ठेवला.