काळबनचे एकतीस भुंगेरे

मंदाकिनी गुप्ते यांच्या घरात भर मे महिन्यातही पंखा बंद असतो. बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मी आणि माझी बायको गंगाबाई पहिल्यावर. पंखा बंद असण्याचं कारण म्हणजे त्यांच्या टेबलावरचे किडे. तिळाएवढे, फार तर वालाच्या दाण्याएवढे काळे-तपकिरी भुंगेरे कागदावर मांडलेले असतात आणि जरा वारा लागला की कपाटाखाली जातात. पाहुण्याला घाम आला तर त्याने तो मुकाट्याने पुसावा, असा तिथला कायदा. मला तो कधीच पटला नाही. अलकापुरीतल्या विमा कंपनीच्या कचेरीत मी तीस वर्षं पंख्याखाली काढली. शिवाय आम्ही माने पडलो शिलेदारांच्या घराण्यातले, आणि गुप्त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात लेखणी घासत होते. तेव्हा थट्टा करायचा हक्क माझाच, असं मी धरून चाललो होतो.

मंदाताई सयाजीगंजाकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. डॉक्टरेट वगैरे काही नाही. पण डोंगरातून गोळा केलेले, जमिनीवर पळणारे भुंगेरे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. निवृत्त झाल्यावरही देशभरच्या डॉक्टरेटवाल्यांची खोकी त्यांच्याच दारात येऊन पडत. स्वतः बाईंनी आयुष्यात पावागडापलीकडे डोंगर पाहिलेला नाही, आणि पावागडही रोपवेने. तरी हिमालयातली कुठली डोंगरधार कुठल्या भुंगेऱ्याची हे त्या भिंगातून बघून सांगत, आणि ते बरोबर निघे.

"प्रतापराव, फार उंचावरचे हे भुंगेरे उडत नाहीत," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. एकाच्या पाठीवरचं कडक झाकण सुईने उचलून दाखवलं. खाली पंखच नव्हते. "दरी उतरून समोरचा डोंगर चढणं यांना जमत नाही. जन्मले त्याच धारेवर मरतात, पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून एका धारेवरचा दुसऱ्या धारेवर मिळत नाही."

"म्हणजे कारेलीबागेतल्या पेन्शनरांसारखेच," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

हे वेड त्यांनी आमच्या मुलाला, समरजितला लावलं. तो त्याच विषयात शिकला आणि एका संस्थेसाठी हिमाचलात भुंगेरे गोळा करायला जाऊ लागला. तो गोळा करायचा आणि मंदाताई ओळखायच्या, असं आठ वर्षं चाललं होतं. तो निघायच्या आधी त्या चिठ्ठ्या लिहून द्यायच्या. नखाएवढ्या कागदावर काळ्या शाईत जागा, उंची आणि गोळा करणाऱ्याचं नाव. एका जागेच्या पन्नास चिठ्ठ्यांची एक पुडी. वर थंडीत बोटं चालत नाहीत म्हणून ही सोय होती. त्याने फक्त पेन्सिलीने तारीख टाकायची आणि चिठ्ठी किड्यांसोबत स्पिरिटच्या कुपीत सोडायची. किडा कुठला हे जगाला त्या चिठ्ठीवरूनच कळतं, म्हणून चिठ्ठीवर कुणी शंका घेत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात समरजित तिकडे गेला तेव्हा त्याला दोन धारांवर काम होतं, धुरकोट आणि काळबन. मधे खोल दरी, आणि पायथ्याला एकच गाव. पंधरा ऑक्टोबरला तो गावात येऊन भरलेल्या कुप्यांची पेटी विश्रामगृहात ठेवून गेला. अठराला परतायचं होतं, तो परतला नाही. कुठे जातोय हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आजवर कधी कुणी विचारलंच नव्हतं. शोधायला आलेल्या लोकांनी पेटी उघडली. शेवटच्या कुपीतल्या चिठ्ठीवर होतं, धुरकोट धार, आणि पेन्सिलीने पंधरा तारीख. वीस तारखेपासून नऊ दिवस त्यांनी धुरकोट पिंजून काढला. मी तेव्हा त्या गावात होतो. दहाव्या दिवशी सकाळी दोन्ही डोंगर पांढरे झाले होते आणि शोध थांबला.

घरी आल्यावर नातेवाईक हळूहळू सुचवू लागले. देह मिळाला नाही तर पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. माझा चुलतभाऊ तुकोजीराव तर गुरुजी ठरवूनच आला. गंगाबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "पानं जाळून काय थवानुं, काय होणार, भावजी? आधी तो कुठं आहे ते मला सांगा. मग तुम्ही म्हणाल ते करू." तो जिवंत आहे असं ती कधीच म्हणाली नाही. तिला फक्त जागा हवी होती. तोवर तिने सण बंद केले, लग्नकार्यं बंद केली, आणि दुपारभर ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. मला तिची भीती वाटायला लागली होती, हे कबूल करतो.

फेब्रुवारीत पेटी संस्थेमार्फत मंदाताईंकडे आली. मार्चमधल्या एका दुपारी त्यांचा फोन आला. "प्रतापराव, वर येता? एकटे या."

खिडक्या बंद, पंखा बंद, स्पिरिटचा वास. टेबलावर दोन भुंगेरे टाचणीला लावलेले होते. मला दोन्ही सारखेच काळे दिसले. त्यांनी मला भिंगाला डोळा लावायला सांगितलं. त्या गोल उजेडात भुंगेरा एकदम कुत्र्याएवढा झाला. जबडा, मिशा, डोळ्याच्या कडेचे दोन केस. "हा धुरकोटचा," त्या म्हणाल्या. मग दुसरा सरकवला. याच्या डोळ्याच्या कडेला एकच केस होता आणि मान मागे निमुळती होती. "हा शेवटच्या कुपीतला."

मी बघत असताना त्याचा मागचा पाय हलला. अगदी सावकाश, आत ओढला गेला.

"जिवंत आहे हा," मी म्हणालो.

"पाच महिन्यांपूर्वी मेलाय. स्पिरिटमधून काढल्यावर वाळताना सांधे ओढले जातात." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "प्रतापराव, हा धुरकोटचा नाही. हा काळबनचा आहे. याला पंख नाहीत, हा दरी ओलांडून धुरकोटला जाऊच शकत नाही. तुमचा मुलगा पंधरा तारखेला काळबनला होता, आणि पुन्हा तिकडेच गेला असणार."

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत एक पुडी होती, दोऱ्याने बांधलेली. काळबन धारेच्या पन्नास चिठ्ठ्या, एकही कमी नाही. निघताना त्यांनी त्याला धुरकोटच्याच दोन पुड्या दिल्या होत्या. वर गेल्यावर त्याच्याजवळ काळबनची चिठ्ठीच नव्हती. कुपीत चिठ्ठी नसण्यापेक्षा चुकीची बरी, परतल्यावर दुरुस्त करू, असं म्हणून त्याने तीच टाकली.

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आमच्या घराण्याला शोभणारं ते नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या आणि म्हणाल्या, "गंगावहिनींना मीच सांगणार." माझ्या आधी जिना उतरल्या. गंगाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मग जाऊन दार उघडलं आणि मंदाताई बाहेर पडेपर्यंत दाराला धरून उभ्या राहिल्या. त्यानंतर तिसऱ्या मजल्याचं नावही आमच्या घरात निघालं नाही.

मे महिन्यात बर्फ उतरलं तेव्हा वनखात्याची माणसं काळबनवर गेली. तिथे त्यांना समरजितचे पेले सापडले. भुंगेरे धरायची रीत अशी असते: प्लास्टिकचा पेला काठापर्यंत जमिनीत पुरायचा, तळाशी न गोठणारं द्रावण ओतायचं, वर चपटा दगड टेकवायचा. पळणारा भुंगेरा आत पडतो आणि तिथेच राहतो. दहा-दहा पावलांवर, एका ओळीत, आठ पेले होते. नववा खड्डा खणलेला होता, पण रिकामा. त्याच्या काठावर खुरपं पडलेलं. पाऊलवाट तिथून वर खिंडीकडे जाते म्हणून त्यांनी वरची बाजू पार खिंडीपर्यंत तपासली. काही मिळालं नाही. पेल्यांतला माल त्यांनी आठ बाटल्यांत भरून, नंबर घालून बडोद्याला पाठवला.

तो माणूस तिथे नव्हता, पण त्याने पुरलेले पेले सात महिने काम करत होते. बर्फ पडायच्या आधीही आणि वितळल्यावरही. मला या विचाराने झोप येईना. बाटल्या आल्या त्या दिवशी मी न बोलावता वर गेलो. मंदाताईंनी दार उघडलं आणि खुर्ची सरकवली. बोलणं असं आमच्यात उरलंच नव्हतं.

चार दिवस त्या एकेक बाटली गाळत होत्या आणि मी समोर घाम पुसत बसलो होतो. कोळी, मुंग्या बाजूला काढायच्या, भुंगेरे वेगळे करायचे, प्रत्येकाच्या डोळ्याकडचे केस बघायचे. पहिल्या पाच बाटल्यांत काळबनचा भुंगेरा दोन-दोन, तीन-तीन असा निघाला. सहावीत नऊ. सातवीत किती होते ते आता आठवत नाही, पण त्या मोजताना मधेच थांबल्या होत्या. आठवी उघडली तेव्हा स्पिरिटच्या वासाखालून दुसरा एक वास आला. पांढऱ्या बशीत त्यांनी ते ओळीने मांडले. एकतीस.

"इतके एका जागी गोळा होत नाहीत हे," मंदाताई म्हणाल्या. "यांना मेलेल्याचं मांस चालतं. त्या पेल्याच्या जवळपास काहीतरी होतं."

काहीतरी. मी बशीकडे बघत राहिलो. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. त्यांनी मांडलीच तशी होती, पण मला ते माझ्याकडे बघताहेत असं वाटलं.

"आणि हा जातीने ओल्यातला आहे," त्या हळू बोलत होत्या. "वर खिंडीकडे कोरडं असतं, तिकडे हा फिरकत नाही. पाण्याच्या कडेला, मोठ्या दगडांच्या खाली राहतो. आठव्या पेल्यापासून खाली बघायला सांगा. ओढ्याकडे."

मी तिथूनच फोन लावला. तिसऱ्या दिवशी उलट फोन आला. नवव्या खड्ड्याच्या सरळ खाली, ओढ्याकाठच्या दोन शिळांच्या फटीत तो होता. खड्डा खणता खणता पाय घसरला असावा. मांडीचं हाड मोडलेलं होतं.

मी गेलो आणि त्याच गावात त्याला अग्नी दिला. खिशात वही होती, तीही घेऊन आलो. चौदा ऑक्टोबरच्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं: "मंदामावशींनी धुरकोटच्याच चिठ्ठ्या दोनदा दिल्या. परत गेलो की चिडवायचं." सतरापासून पुढे नुसत्याच तारखा, एकाखाली एक. शेवटची बावीस. बावीसला आम्ही समोरच्या डोंगरावर त्याचं नाव घेऊन हाका मारत होतो. गंगाबाईंनी ते पान वाचलं. मी लपवणार होतो, पण तिने वही मागितली आणि मला नाही म्हणता आलं नाही.

आठवडाभराने, अस्थी नर्मदाकाठी चांदोदला न्यायच्या आदल्या दिवशी, ती मला म्हणाली, "त्या आठव्या बाटलीतले किडे. त्यांनी त्याला खाल्लं ने?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. "हो."

"मग तो त्यांच्यातही आहे. तेही न्यायचे. बधा, सगळेच्या सगळे."

मी वर गेलो. चाळीस वर्षांत मंदाताईंनी कुणाला भुंगेऱ्याचा पायसुद्धा दिला नव्हता; मंत्री आला तरी हात लावू देत नसत. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, एकतीस टाचण्या काढल्या आणि एकेक भुंगेरा डबीतल्या कापसावर ठेवू लागल्या. तीस झाले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "एक राहू द्या." त्यांनी वर बघितलं. मी म्हणालो, "सगळाच्या सगळा जायला नको मला तो." बोलताना मी रडत होतो. मी या बाईंना माफ केलेलं नव्हतं, आणि या घराशिवाय दुसरीकडे कुठे मला रडता येत नव्हतं. त्यांनी डबी बंद केली आणि एकतिसावा पुन्हा टाचणीला लावला.

चांदोदला नावाड्याने नाव मधे नेली. गुरुजींचं झाल्यावर गंगाबाईंनी अस्थी सोडल्या, मग डबी उघडून भुंगेरे तळहातावर घेतले. नर्मदेच्या पाण्यात ते बुडाले नाहीत. पाणी लागल्यावर त्यांचे पाय मोकळे झाले, पसरले, आणि तो काळा घोळका नावेच्या बाजूने संथ निघाला. नावाड्याने वल्हं वर उचलून धरलं.

"तीस आहेत," ती म्हणाली. एकेक मोजूनच तिने सोडले होते.

"हो."

"त्यांनी ठेवला का तुम्ही?"

"मी."

घोळका दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. घाटाच्या पायऱ्या चढून आम्ही गाडीशी आलो. मी दार उघडलं तरी ती बाहेरच उभी राहिली, पदराचं ओलं टोक पिळत.

"घरी गेल्यावर आधी मंदाताईंकडे जाऊ," ती म्हणाली. "मला त्याला बघायचंय."

मी मान हलवली आणि गाडी सुरू केली.