बहिणीच्या गावाची बस

आयर्लंडमधल्या मेनूथमध्ये मी ज्या घरात खोली घेऊन राहते, त्या घरच्या बाईंनी सत्तरी ओलांडली आहे. नवरा गेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. मी रोज सकाळी ट्रेन पकडून डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात जाते आणि बाई रोज कुठे ना कुठे बसने जातात. या देशात वय झालं की बस-ट्रेन फुकट, त्यामुळे बाईंनी अर्धं आयर्लंड बसच्या खिडकीतून पाहिलंय. संध्याकाळी मी कुकर लावला की त्या ओट्याशी येऊन उभ्या राहतात आणि आज कुठल्या गावात चहा प्यायला ते सांगतात.

एका हिवाळ्यात, असाच कुकर चढलेला असताना, त्यांनी विचारलं, "तुला स्पॅनिश येतं ना?"

पुण्यात असताना मी स्पॅनिशचा क्लास केला होता आणि ऑफिसातल्या माद्रिदच्या टीमबरोबर बोलून ते थोडं टिकलं होतं. मी हो म्हटलं.

"मला ग्वाटेमालाला जायचंय. येशील माझ्याबरोबर?"

बाईंची थोरली बहीण नन होती, हे मला माहीत होतं. दिवाणखान्यात तिचा फोटो आहे. तरुणपणी ती नर्स म्हणून ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या एका खेड्यात गेली आणि तिथलीच झाली. आईच्या अंत्यविधीलाही आली नाही. काही वर्षांपूर्वी तिथेच वारली आणि तिथेच पुरली गेली. हे सगळं बाईंनी त्या दिवशी शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आम्हाला सोडून ती कोणासाठी राहिली, ते मला एकदा बघायचंय."

मी म्हटलं, तिकडे गाडी ठरवू. त्यांनी मान हलवली. "ती फोनवर सांगायची, मी कोंबड्यांबरोबर बसने फिरते. मलाही तसंच जायचंय."

मग त्यांनी पाठीवरची मोठी सॅक विकत घेतली, त्यात बटाट्यांची पिशवी भरली आणि रोज कालव्याच्या काठाने चालण्याचा सराव सुरू केला. शेजारी थांबून विचारायचे, कसं चाललंय? "ग्रँड," म्हणायच्या. इथे सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात. बाई गुडघा धरला तरी ग्रँडच म्हणतात.

ग्वाटेमालातल्या त्या बसेस पूर्वी अमेरिकेत शाळेच्या पोरांना नेत-आणत असत. तिकडे आल्यावर त्यांना लाल, हिरवा, सोनेरी रंग दिला जातो, चकचकीत पत्रे ठोकले जातात, कपाळावर एखाद्या बाईचं नाव येतं. आमच्या बसच्या कंडक्टरने, पिळदार मिशांच्या एका धिप्पाड गृहस्थाने, दोन्ही सॅक एकदम उचलून शिडीने टपावर नेल्या. तो खाली यायच्या आतच बस सुटली. मी घाबरून वर बघत राहिले. वळणावर बस भरधाव असताना तो टपावरून मागच्या दारातून आत उतरला आणि काहीच झालं नाही अशा थाटात तिकिटाचे पैसे मागू लागला.

दोन मुलांसाठी केलेल्या बाकावर आम्ही तिघं होतो. मी मध्ये, खिडकीशी बाई आणि कडेला एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर कोंबडी घेऊन. कोंबडी अगदी शहाण्यासारखी बसली होती. समोर विणलेल्या पोलक्यांच्या बायका. प्रत्येकीच्या पोलक्यावर पक्षी, फुलं, नागमोडी रेघा इतक्या दाट विणलेल्या की माझी नजर हटेना. आजोबांनी सांगितलं की नुसतं पोलकं बघून बाई कुठल्या गावची ते इथे कळतं. मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या बराच वेळ एकेक पोलकं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बहिणीने हे फोनवर कधी सांगितलंच नाही."

घाट उतरताना एका वळणावर डोंगर बाजूला सरला आणि खाली आतित्लान तलाव दिसला. आधी वाटलं आभाळच खाली आलंय. मग पलीकडच्या काठावर तीन ज्वालामुखी दिसले, पाण्यातून थेट वर गेलेले, एकाच्या डोक्यावर ढगाची पांढरी पट्टी. बसमधले आवाज मला ऐकू येईनासे झाले. सह्याद्री मी पुष्कळ हिंडले आहे, पण इतकं मोठं काही एका नजरेत कधी मावलं नव्हतं. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. शेजारचे आजोबाही मान पुढे काढून तिकडेच बघत होते.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही तर हे रोज बघत असाल ना?"

"रोज बघतो," ते म्हणाले. "तरी बघतो."

खाली धक्क्यावर चक्क आपल्याकडच्या रिक्षा उभ्या होत्या, लाल रंगाच्या. मी एकीच्या हुडावरून हात फिरवला तेव्हा बाईंना वाटलं मला ऊन लागलं. तिथून लाँच. दुपारी तलावावर वारा सुटतो. लाँच लाटेवर चढायची आणि फळीवर आपटावं तशी पाण्यावर आपटायची. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा बाईंचे पांढरे केस पूर्ण भिजले होते आणि त्या हसत होत्या. पलीकडे उतरल्यावर गावापर्यंत पिकअप, मागे लोखंडी कठडा धरून उभं राहायचं. ड्रायव्हरने बाईंना पुढे केबिनमध्ये बसायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि सरपणाचे भारे घेतलेल्या बायकांमध्ये कठडा धरून उभ्या राहिल्या.

दफनभूमी गावाच्या वर, उतारावर होती. बाई काळ्या दगडाची, शेवाळलेली कबर शोधायच्या तयारीने आल्या होत्या. तिथे तर सगळ्या कबरी रंगवलेल्या होत्या, निळ्या, गुलाबी, पोपटी, लहान लहान घरांसारख्या, आणि खाली अख्खा तलाव पसरलेला. वाट दाखवायला गावातली एक बाई आली होती, पन्नाशीची, तिला स्पॅनिश येत होतं. ती पिवळ्याधमक कबरीपाशी थांबली. दर वर्षी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी रंगवतात, मॅद्रेची आम्ही रंगवतो, म्हणाली. मॅद्रे म्हणजे मदर, म्हणजेच बाईंची बहीण. "मी तिच्याच हातात जन्मले. माझी मुलंही."

बाई कबरीशी उभ्या राहिल्या. हात रंगावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तोवर बातमी पसरली होती. चढ चढून माणसं येऊ लागली. त्यांत एक खूप म्हातारी बाई होती, काठी टेकत आलेली. तिने बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्याने नाकावरून वरून खाली रेघ ओढली आणि तिच्या भाषेत काही बोलली. वाटाड्या बाईने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, मी इंग्रजीत.

"म्हणते, नाक तेच आहे."

म्हातारी आणखी काही बोलली. ते स्पॅनिशमध्ये माझ्यापर्यंत आलं आणि माझ्या तोंडून पुढे जाईना.

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं.

"विचारतेय, तुम्ही इतकी वर्षं का आला नाहीत?"

बाई खाली तलावाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या चिडतील किंवा रडतील. मग सावकाश म्हणाल्या, "सांग तिला, मी बहिणीच्या येण्याची वाट बघत होते."

ते दोन भाषांमधून म्हातारीपर्यंत पोचलं. तिने मान डोलावली, कबरीच्या कट्ट्यावर थोडी सरकून जागा केली आणि कमरेच्या फडक्यातून दोन गरम टॉर्टिया, मक्याच्या भाकऱ्या, काढून बाईंच्या हातात ठेवल्या. दोघी शेजारी शेजारी बसून खात राहिल्या. आता मधे भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. मी लांब जाऊन बसले. इतक्या लांब येऊन इतकी साधी गोष्ट बघायला मिळावी, याचंच मला नवल वाटत होतं.

आम्ही आठवडाभर तिथेच राहिलो, वाटाड्या बाईच्या घरी. सकाळी बायका टॉर्टिया थापायच्या तो आवाज ऐकून मी अंथरुणातच हसायचे. भाकरी थापल्याचा आवाज जगात कुठेही तोच. बाईंना सगळीकडून बोलावणी येत होती. कोणी विचारायचं, तुम्हीही इंजेक्शन देता का? त्या नाही म्हणाल्या की लोक जरा हिरमुसायचे.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारलं, "बहिणीवरचा राग गेला का?"

"थोडा आहे अजून," त्या म्हणाल्या. "पण आता तिची माणसं पाहिली. रिकाम्या जागेवर रागावणं वेगळं."

पुढच्या थांब्यावर एक तरुण आई चढली, कडेवर बाळ, पाठीवर गाठोडं. उभं राहायलाही जागा नव्हती. तिने न विचारता बाळ बाईंच्या मांडीवर दिलं आणि वरचा दांडा पकडला. बाळ थोडं कुरकुरलं आणि झोपलं. बस चढाला लागली, वळणांवर सगळे एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे कलत होते. बाईंनी दोन्ही हातांनी बाळाला सांभाळलं होतं.

"हात अवघडला असेल, मी घेऊ?" मी विचारलं.

"ग्रँड आहे," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.